घरच्या घरी फेस पील : चेहऱ्यावर लावण्याआधी आम्लाचा धडा



लग्नसराई किंवा स्नेहसंमेलन जवळ आलं की पालकसभा संपल्यावर आया हमखास विचारतात, "मॅडम, ते ऑनलाइन मिळणारं पील घरी लावलं तर चालतं का?" आपण डॉक्टर नाही, त्यामुळे चेहरा पाहून औषध सांगणं आपलं काम नाही. पण आम्ल म्हणजे काय, सामू म्हणजे काय, हे आपण मुलांना शिकवतोच. ही बाटली म्हणजे त्याच धड्याचा घरातला भाग आहे. म्हणून आजचा लेख.

या लेखातून काय शिकायचं?
- पील त्वचेवर नेमकं काय करतं
- बाटलीवरचे आकडे कसे वाचायचे
- कोणी लावायचं नाही, आणि लावायचंच असेल तर कसं
- चेहरा भाजला तर पहिल्या २० मिनिटांत काय करायचं

१) आधी त्वचा समजून घेऊ

आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर मृत पेशींचा असतो. कौलं एकावर एक रचावीत तशा या पेशी रचलेल्या असतात. खालून नव्या पेशी येतात आणि वरच्या गळून पडतात. तरुण वयात या फेऱ्याला साधारण ४ आठवडे लागतात. वय वाढतं तसा हा वेग कमी होतो आणि चेहरा निस्तेज वाटू लागतो.

मृत पेशी म्हणजे कचरा, असं मात्र समजू नका. पाणी आत धरून ठेवणं आणि जंतू बाहेर ठेवणं हे काम हाच थर करतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो.

२) पील म्हणजे काय?

पील म्हणजे आम्ल. ते मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतं आणि वरचा थर लवकर गळून पडतो. यातली बरीच आम्लं आपल्या ओळखीची आहेत.

- ग्लायकोलिक आम्ल : उसात असतं. याचा रेणू लहान, त्यामुळे ते त्वचेत पटकन शिरतं.
- लॅक्टिक आम्ल : दह्यातलं आम्ल. तुलनेने सौम्य.
- मँडेलिक आम्ल : कडू बदामाशी नातं असलेलं. रेणू मोठा, म्हणून हळूहळू शिरतं.
- सॅलिसिलिक आम्ल : विलो झाडाच्या सालीशी नातं असलेलं. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलकट त्वचेच्या छिद्रांत उतरतं. मुरुमांच्या क्रीममध्ये हेच असतं.

बाटलीतली ही आम्लं बहुतेक वेळा कारखान्यातच तयार होतात. तेव्हा "उसापासून बनलेलं, म्हणजे नैसर्गिक, म्हणजे निर्धोक" या जाहिरातीला भुलू नका.

ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल आणि फिनॉल ही दोन नावं मात्र लक्षात ठेवा. ही खोलवर जातात. फिनॉलचं पील करताना तर रुग्णाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. ही दोन्ही घरात आणायचीच नाहीत. ऑनलाइन मिळतात, पण मिळतात म्हणून वापरायची नसतात.

३) बाटलीवरचे आकडे वाचूया

बहुतेक जण फक्त टक्केवारी बघतात. खरं तर दोन आकडे बघायचे असतात, टक्केवारी आणि सामू.

सामूची पट्टी आपण शिकवतो तेव्हा एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही आणि मोठ्यांच्याही येत नाही. सामू १ ने कमी झाला की आम्लता १० पट वाढते. त्वचेचा सामू ५ आणि लिंबाच्या रसाचा साधारण २ धरा. फरक ३ चा दिसतो, पण आम्लता १० × १० × १० म्हणजे १००० पट झाली! म्हणून १०% ग्लायकोलिक आम्लाच्या दोन बाटल्या सारख्या नसतात. ज्या बाटलीचा सामू कमी, ती जास्त तीव्र.

अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकांचं परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञ समितीने १९९८ साली एक मर्यादा सांगितली. ग्लायकोलिक, लॅक्टिक यांसारखी आम्लं घरगुती वापरासाठी १०% पर्यंत, सामू ३.५ किंवा त्याहून जास्त, आणि सोबत उन्हापासून संरक्षण. ३०% पर्यंतची तीव्रता प्रशिक्षित माणसाने थोडा वेळ लावून धुऊन टाकण्यासाठी आहे. आज बाजारात ३०% च्या बाटल्याही "घरी वापरा" म्हणून विकल्या जातात. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय तीव्र पील विकत घेऊ नका, वापरू नका, असा इशारा दिला. भाजणं, सूज, जंतुसंसर्ग, कायमचे व्रण हे धोके त्यांनी सांगितले.

तेव्हा साधा नियम : घरी ५ ते १०% लॅक्टिक, मँडेलिक किंवा ग्लायकोलिक, नाहीतर २% पर्यंत सॅलिसिलिक. त्यापुढचं त्वचारोगतज्ज्ञांकडे. आणि ज्या बाटलीवर टक्केवारीच लिहिलेली नाही, ती घेऊच नका.

४) आपल्या रंगाच्या त्वचेसाठी जास्त काळजी का?

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त क्रियाशील असतं. त्वचा भाजली किंवा तिचा दाह झाला की ती जखम भरताना जास्त रंगद्रव्य तयार करते. लाली जाते, पण तिथे काळा डाग उरतो, आणि तो महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणजे डाग घालवायला लावलेल्या पीलमुळेच नवे डाग येतात. परदेशातल्या गोऱ्या बाईचा व्हिडिओ बघून तितकाच वेळ, तितकंच तीव्र पील आपण लावणं म्हणूनच धोक्याचं आहे.

५) हे कोणी लावायचं नाही?

- १८ वर्षांखालील मुलामुलींनी. मुरुमं असतील तर डॉक्टरांकडे न्या.
- चेहऱ्यावर जखम, इसब, उन्हाने आलेली लाली किंवा ओठाजवळ तापाचे फोड असतील तर.
- मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबल्या असतील तर. ट्रेटिनोइनसारखं क्रीम लावत असाल तरी आधी डॉक्टरांना विचारा.
- अॅस्पिरिनची अॅलर्जी असणाऱ्यांनी सॅलिसिलिक आम्ल टाळावं.
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.
- त्याच आठवड्यात ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा स्क्रब केलं असेल तर थांबा.
- मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेलं "गोरं करणारं" क्रीम लावत असाल तर आधी ते डॉक्टरांना दाखवा. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने त्वचा पातळ झालेली असते, त्यावर आम्ल म्हणजे आगीत तेल.

६) लावायचंच असेल तर

१. आधी चाचणी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा, सांगितलेल्या वेळेनंतर धुवा आणि ४८ तास वाट बघा. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिला प्रयोग कधीच नाही.
२. रात्रीच लावा. चेहरा साध्या फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा करा. ओल्या त्वचेत आम्ल जास्त आत शिरतं.
३. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ यांवर व्हॅसलीन लावा.
४. मोबाइलवर गजर लावा. पहिल्यांदा लेबलवर दिलेल्या वेळेच्या निम्माच वेळ ठेवा. "जरा चुरचुरतंय म्हणजे काम करतंय" असं म्हणून बसून राहू नका. आग होऊ लागली किंवा त्वचा पांढरी पडली की गजराची वाट न बघता धुवा.
५. भरपूर साध्या पाण्याने धुऊन मॉइश्चरायझर लावा. पुढचे काही दिवस स्क्रब, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी काही नको.
६. दिवसा एसपीएफ ३० किंवा जास्तचं सनस्क्रीन, किमान आठवडाभर. ओढणी, टोपी, छत्री हेही हवं. मैदानावर परिपाठ आणि कवायत घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरून चालणारच नाही.
७. आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नाही. पापुद्रे निघाले तर नखाने ओढू नका.
८. बाटली कुलपात ठेवा, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

७) भाजलंच तर

वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही, हळद नाही. "आम्ल आहे ना, मग खाण्याचा सोडा लावू" हेही नाही. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी तयार होतं हे बरोबर, पण सोडा जखमेला आणखी झोंबतो. डोळ्यात गेलं तर लेन्स काढा, १५ ते २० मिनिटं पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. फोड, सूज, पांढरा किंवा काळा चट्टा दिसला तरी डॉक्टरांकडेच.

८) "मग आमचं लिंबूच बरं!"

नाही हं. लिंबाचा सामू आत्ताच पाहिला. शिवाय लिंबूवर्गीय फळांत असे घटक असतात की त्यांचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे चट्टे पडतात. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाला, सामू ८ च्या पुढे. दोन्ही स्वयंपाकघरातच छान. बेसन आणि दही सौम्य आहे, पण त्यापासून पीलसारख्या परिणामाची अपेक्षा करू नका.

९) वर्गात घेता येईल अशी कृती

पील वर्गात आणायचं नाही. त्याऐवजी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून दर्शक बनवा. चार वाट्यांत लिंबूरस, दही, साबणाचं पाणी आणि सोड्याचं पाणी घ्या. आम्लात दर्शक गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवट. मग दोन ग्लासांत अंड्याच्या कवचाचे तुकडे टाका. एकात नुसतं व्हिनेगर, दुसऱ्यात व्हिनेगर आणि भरपूर पाणी. बुडबुडे कुठे जास्त येतात ते मुलांना नोंदवू द्या. कवच आणि त्वचा वेगळी, पण तीव्रता आणि वेळ वाढली की परिणाम वाढतो हे मुलं स्वतः बघतात. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की डाग का पडतो, हे त्यांना घरी विचारायला सांगा.

१०) शेवटचं आणि महत्त्वाचं

पील लावून कोणी गोरं होत नाही. मृत पेशी निघतात, चेहरा थोडा तजेलदार दिसतो, इतकंच. पण आई आरशासमोर "मी किती काळी पडलेय" म्हणत बाटली उघडते तेव्हा शेजारी उभी असलेली तिसरी-चौथीतली मुलगी ऐकत असते. उद्या तीच मुलगी स्नेहसंमेलनात "मला मागे उभं करा" म्हणते. म्हणून पालकहो, लावायचं असेल तर समजून-उमजून लावा, पण मुलांसमोर रंगाला दोष देऊ नका. आणि शिक्षकांनो, नाचात पुढच्या रांगेत कोण उभं राहणार हे रंगावरून ठरत नाही ना, हे आपणही एकदा तपासून बघूया.

पालकांसाठी गृहपाठ : आज घरातली चेहऱ्याला लावायची प्रत्येक बाटली आणि ट्यूब काढा. त्यावरची घटकांची नावं, टक्केवारी आणि मुदत संपण्याची तारीख वाचा. जिचं लेबल वाचता येत नाही किंवा कळत नाही, ती चेहऱ्यावर लावू नका.