अध्यापन, छायाप्रती आणि ग्रंथाचा स्वामित्व हक्क

चरकसंहितेच्या विमानस्थानात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. आपल्यापैकी अनेक जण चिकित्सेबरोबर यांतील दुसरा आणि तिसरा उपायही आचरीत असतात. कोणी महाविद्यालयात अभ्यागत अध्यापक म्हणून जातात, कोणी नवपदवीधरांना आपल्या रुग्णालयात शिकवितात, औषधनिर्मात्यांपैकी काही जण आपल्या कारखान्यातील सहायकांना कल्पनिर्मितीचे धडे देतात. या सर्व कार्यात ग्रंथांतील पानांच्या छायाप्रती काढणे, टिपणे वाटणे, आकृत्या पडद्यावर दाखविणे हे नित्याचे झाले आहे. हे करताना कायदा नेमका कोठे उभा आहे, याविषयी मात्र आपल्या व्यवसायात दोन टोकाचे समज आढळतात. एक म्हणजे ‘शिकविण्यासाठी सर्व काही माफ’ आणि दुसरा म्हणजे ‘पुस्तकावर हक्क राखीव लिहिले आहे, तेव्हा एकही पान काढता येत नाही’. दोन्ही समज चुकीचे आहेत. प्रस्तुत लेखात कॉपीराइट कायदा, १९५७ मधील अध्यापनविषयक तरतुदींचा आपल्या व्यवसायाच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

प्रथम हक्क कशावर असतो ते पाहू. कायदा कल्पनेला, माहितीला किंवा पद्धतीला संरक्षण देत नाही. ती ज्या शब्दांत, ज्या आकृतीत मांडली गेली त्या मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, सितोपलादि चूर्णातील घटकद्रव्ये व त्यांचे प्रमाण यांवर कोणाचाही कॉपीराइट नाही; परंतु त्या चूर्णाविषयी एखाद्या आधुनिक लेखकाने लिहिलेले दोन पानांचे विवेचन हे त्याचे आहे. नोंदणी केलेली असो वा नसो, पुस्तकावर हक्काचे चिन्ह छापलेले असो वा नसो, हक्क लेखनाबरोबरच उत्पन्न होतो.

हा हक्क किती काळ टिकतो? लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. येथे आयुर्वेदाचा वाचक मोठा भाग्यवान आहे, कारण आपले मूळ ग्रंथ कोणाच्याही मालकीचे नाहीत. शिवाय त्यांच्या उत्तम आवृत्त्यांपैकी कित्येक आपल्याच मुंबईत, निर्णयसागर छापखान्यात सिद्ध झाल्या. अष्टांगहृदयाचे संपादक डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे १८९६ मध्ये निवर्तले. ‘आर्यभिषक्’कर्ते शंकर दाजीशास्त्री पदे यांचे देहावसान १९०९ मध्ये झाले. चरक आणि सुश्रुत यांच्या सटीक आवृत्त्या संपादणारे वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य १९५६ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला. या ग्रंथांची पाने आपण निःशंकपणे काढावीत, वाटावीत, छापावीतसुद्धा. एखाद्या प्रकाशकाने जुनी आवृत्ती जशीच्या तशी पुन्हा छापली म्हणून तिच्यावर नवा हक्क निर्माण होत नाही. त्याने जोडलेल्या नव्या प्रस्तावनेवर, नव्या परिशिष्टांवर मात्र होतो.

उलट आचार्य प्रियव्रत शर्मा २००७ मध्ये निवर्तले. त्यांचे ‘द्रव्यगुणविज्ञान’ किंवा चरकसंहितेचा इंग्रजी अनुवाद २०६७ अखेरपर्यंत संरक्षित राहणार आहे. मूळ संहिता मुक्त असली तरी तिचा अनुवाद ही स्वतंत्र कृती असते, हे येथे ध्यानात घ्यावे. संपादकीय टिपांचेही तसेच. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, न्यायालयाच्या निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे, किरकोळ शुद्धलेखन केल्याने त्यावर हक्क मिळत नाही. परंतु परिच्छेदांची विभागणी करणे वा न्यायाधीशांची मतभिन्नता टिपणे यांत बुद्धी व निर्णयशक्ती खर्च झाली असेल तर तेवढ्या भागाला संरक्षण आहे. निकालाच्या जागी संहिता आणि संपादकाच्या जागी टीपाकार ठेवला की हा न्याय आपल्या ग्रंथांनाही लागू पडावा.

औषधनिर्मात्यांसाठी येथेच एक गोष्ट नमूद करणे इष्ट. ‘आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’चा पहिला भाग १९७८ चा आहे. शासकीय ग्रंथाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे शासनाकडे असतो, म्हणजे या भागाचा २०३८ अखेरपर्यंत. त्यातील पाठ वापरून, रीतसर परवाना घेऊन औषध तयार करण्यास कॉपीराइटचा अडसर नाही. तो ग्रंथ छापून विकण्यास आहे.

आता संरक्षित ग्रंथांकडे वळू, कारण खरा प्रश्न त्यांचाच. कायद्याचे कलम ५२ हे ‘हक्कभंग होत नाही’ अशा कृत्यांची यादी देते. तीत आपल्या उपयोगाच्या दोन निरनिराळ्या वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिली वाट न्याय्य वापराची. खाजगी वापर व संशोधन, टीका वा परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्त, एवढ्यांपुरती ती आहे. वापर न्याय्य की अन्याय्य हे ठरविताना न्यायालय किती व कोणता भाग घेतला, कोणत्या हेतूने घेतला आणि त्यामुळे मूळ ग्रंथाच्या विक्रीशी स्पर्धा होते काय, हे पाहते. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ च्या सिव्हिक चंद्रन प्रकरणात हेच निकष लावले होते. दुसरी वाट केवळ शिक्षणाची. शिक्षकाने वा विद्यार्थ्याने ‘अध्यापनाच्या ओघात’ केलेली कोणत्याही कृतीची प्रत, परीक्षेतील प्रश्नांचा भाग म्हणून केलेली प्रत आणि उत्तरांतील प्रत, या तिन्हींनी हक्कभंग होत नाही. या कलमात पानांची मर्यादा लिहिलेली नाही. ‘दहा टक्के चालते’ असे जे सर्रास सांगितले जाते त्याला आपल्या कायद्यात आधार नाही. तो परदेशी नियमांचा कानावर पडलेला प्रतिध्वनी असावा.

‘अध्यापनाच्या ओघात’ म्हणजे काय, हा प्रश्न दिल्लीत मोठ्या प्रमाणावर लढला गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानाविरुद्ध दावा लावला. अध्यापकांनी नेमून दिलेल्या प्रकरणांच्या छायाप्रती एकत्र बांधून हे दुकान विद्यार्थ्यांना देत असे. ऑक्टोबर २०१२ मध्ये अंतरिम मनाई झाली. विद्यार्थ्यांची संघटना स्वतःहून प्रकरणात उतरली. ज्यांच्या पुस्तकांसाठी प्रकाशक भांडत होते त्यांच्यापैकीच अनेक विद्वान विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलू लागले. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना पत्र लिहून हा मार्ग सोडण्याची विनंती केली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला.

अपिलात ९ डिसेंबर २०१६ रोजी न्या. प्रदीप नंदराजोग व न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील तासभराचे व्याख्यान नव्हे. अभ्यासक्रम ठरविण्यापासून विद्यार्थ्याने घरी वाचन करण्यापर्यंतची सारी प्रक्रिया त्यात येते, असे खंडपीठाने मानले. किती पाने घेतली यापेक्षा ती त्या शिक्षणासाठी आवश्यक होती काय, ही कसोटी त्याने सांगितली. प्रती दुकानदाराने पैसे घेऊन काढल्या म्हणून कृत्याचे स्वरूप बदलत नाही. तसेच ठराविक विद्यार्थ्यांना दिलेली प्रत म्हणजे ‘प्रकाशन’ नव्हे. मात्र या विशिष्ट संचांतील मजकूर शिक्षणासाठी खरोखर आवश्यक होता काय, एवढा मुद्दा पुराव्यासाठी परत पाठविण्यात आला. तो तपासला जाण्यापूर्वीच मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हक्कधारकांच्या एका संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये दाखल करून घेतली नाही.

या निकालाचा आनंद मानताना दोन मर्यादा ओळखाव्यात. दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. मार्गदर्शक म्हणून त्याला वजन आहे, इतकेच. आणि तो कागदी प्रतींविषयी होता. संपूर्ण ग्रंथाची पीडीएफ शेकडो सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हे त्या निकालाच्या आश्रयाला जाऊ शकेल असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. त्या गटात शिक्षक कोण, विद्यार्थी कोण आणि अध्यापन कोणते, या पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

ही बाब आपल्या भागातील उदाहरणांनी पाहू. समजा, पंढरपूर तालुक्यात करकंबला एक वैद्य तीन नवपदवीधरांना आठवड्यातून दोनदा पंचकर्म शिकवितात आणि विद्यमान लेखकाच्या पुस्तकातील बस्तिविषयक एक प्रकरण गावातील झेरॉक्सच्या दुकानातून काढून त्यांना देतात. या तरतुदीत मान्यताप्राप्त संस्थेची अट लिहिलेली नाही, शब्द ‘शिक्षक’ व ‘विद्यार्थी’ असे साधे आहेत. तेव्हा हे वैद्य बऱ्याच भक्कम भूमीवर उभे आहेत. आता तेच प्रकरण त्यांनी शंभर प्रतींत बांधून, मुखपृष्ठ घालून, शिबिराच्या दारात किंमत लावून कोणालाही विकले, तर ते प्रकाशन झाले. तिसरे उदाहरण वारीचे. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर वारकऱ्यांसाठी आरोग्य शिबिरे भरतात. तेथे वाटावयाच्या पत्रकात एखाद्या पुस्तकातील पथ्यापथ्याचा मजकूर जसाच्या तसा छापला, तर हेतू कितीही पुण्याचा असो, वारकरी हा या कलमातील विद्यार्थी नव्हे. तोच आशय स्वतःच्या सोप्या शब्दांत लिहावा. वारकऱ्याला तो अधिक चांगला समजेलही.

पाठ्यपुस्तके वा संकलने तयार करणाऱ्या अध्यापकांसाठी वेगळी, बरीच अरुंद तरतूद आहे. मुख्यतः मुक्त मजकुराच्या शैक्षणिक संकलनात संरक्षित ग्रंथांतील छोटे उतारे घेता येतात; परंतु एका लेखकाचे दोनपेक्षा अधिक उतारे एका प्रकाशकाने पाच वर्षांत घेता कामा नयेत आणि मूळ ग्रंथ स्वतः शिक्षणोपयोगी म्हणून प्रसिद्ध झालेला नसावा. म्हणजे दुसऱ्याच्या क्रमिक पुस्तकातून उतारे उचलण्याची सोय येथे नाहीच. परीक्षेच्या तोंडावर निघणाऱ्या कित्येक ‘नोट्स’ या अटीपाशी अडखळतील.

औषधनिर्मात्यांना एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. सहायकांना शिकविण्यासाठी काढलेली प्रत हा अध्यापनाचा भाग म्हणता येईल. परंतु तोच मजकूर औषधसूचीत, वेष्टनावरील माहितीपत्रकात किंवा विक्रेत्यांना द्यावयाच्या पुस्तिकेत गेला की तो व्यापार झाला. वनस्पतींची छायाचित्रे याबाबतीत विशेष धोक्याची असतात, कारण ती सहज मिळतात आणि सहज ओळखूही येतात. हेतुपुरस्सर हक्कभंगास सहा महिने ते तीन वर्षे कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय सकारण कमी शिक्षा देऊ शकते. मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविला आहे, हेही छपाईला देण्यापूर्वी आठवावे.

लेखकाचे नाव देणे हा विषय पैशापेक्षा निराळा आहे. कलम ५७ अन्वये लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक अशा विकृतीस हरकत घेण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही राहतो. आपल्या परंपरेला हे नवे नाही. अग्निवेशाचे तंत्र चरकाने प्रतिसंस्कृत केले आणि चिकित्सास्थानातील सतरा अध्याय, कल्पस्थान व सिद्धिस्थान दृढबलाने पूर्ण केले, हे आपणांस ज्ञात आहे ते ग्रंथानेच तशी नोंद ठेवली म्हणून. त्या मानाने आज वर्गात वाटल्या जाणाऱ्या टिपणांवर ग्रंथाचे नाव, लेखक, आवृत्ती यांपैकी काहीही नसते. जुन्या पिढीतील गुरुजनांची टिपणे तर शिष्यांच्या नावाने छापली गेल्याचेही दिसते. सार्वजनिक भाषणावरील पहिला हक्क बोलणाऱ्याचा असतो, आणि वर्गात सांगितलेले विवेचन लिहून घेणारा त्याचा कर्ता होत नाही.

याच न्यायाने त्रैमासिकात लेख देणाऱ्या सभासदांनीही आपला हक्क ओळखावा. लेख छापावयास दिला म्हणजे हक्क दिला असे होत नाही. हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीचे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते.

दुर्मीळ ग्रंथांबाबत आणखी एक उपाय उपलब्ध आहे. भारतात विक्रीस नसलेल्या ग्रंथाच्या जास्तीत जास्त तीन प्रती ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाच्या निर्देशाने ग्रंथालयासाठी करता येतात. तालुक्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयांना हे सांगितल्यास जुन्या मराठी वैद्यकग्रंथांची एकेक प्रत आपल्या परिसरात सहज राहू शकेल. आणि जेथे ग्रंथ विक्रीस आहे, लेखक हयात आहेत, तेथे एक पत्र लिहून अनुमती मागावी. पत्रात ग्रंथाचे नाव, पृष्ठे, किती विद्यार्थ्यांसाठी प्रती हव्यात आणि त्या विनामूल्य दिल्या जातील की कसे, एवढे लिहिले म्हणजे पुरे.