मन जड करणारी पुस्तके कशी वाचावीत?

रेणापूरसारख्या गावातल्या वस्तीत, एका खोलीच्या घरात, वाचायला निवांतपणा मिळतो तो सगळे झोपल्यावर. तेव्हा आपल्या तरुण मुलामुलींच्या हाती बहुधा जड पुस्तके असतात. बाबुराव बागुलांच्या कथा, जयवंत दळवींची झोपडपट्टीवरची ‘चक्र’, आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’. ही पुस्तके वाचलीच पाहिजेत. माणसांवर काय गुदरले ते त्यांत लिहिलेले आहे.

पण एक फरक ध्यानात घ्या. दुसऱ्याला ती लांबची गोष्ट वाटते. आपल्याला ती आजीची, आईची, कधी स्वतःची वाटते. जुनी जखम उघडी पडते. छाती धडधडते, झोप उडते, सकाळी कामात मन लागत नाही.

म्हणून अशा एक-दोन पुस्तकांनंतर उभारी देणारे पुस्तक घ्या. उभारी म्हणजे गोड शेवट नव्हे. अण्णा भाऊ साठेंनी ‘फकिरा’ (१९५९) बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यातला फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. शेवटी त्याचा जीव जातो, तरी पुस्तक मिटताना आपली मान ताठ होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ वाडी उजाड करतो, पण तरुण मास्तर आणि मेंढपाळांनी मिळून बांधलेली तालीम मनात राहते. नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ ही कादंबरी नव्हे, पण मुलांना शिकवायचेच म्हणून जिद्दीला पेटलेला बाप त्यात हसवतोही.

पुस्तक निवडताना एवढेच विचारा: यात कुणी कुणासाठी उभे राहते का?

हे करून पाहा :

• जड पुस्तक दिवसा वाचा. झोपण्याआधी तासभर बाजूला ठेवा.
• एकट्याने सोसू नका. विहारात चौघांत बसून वाचा, त्यावर बोला.
• आईवडिलांनो, लेकरू गप्प दिसले तर पुस्तक हिसकावू नका. “काय वाचतोस? मला पण सांग,” म्हणा.

पुस्तक हे औषध नाही. उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप-भूक गेली, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. जगणेच नको वाटले तर एक दिवसही थांबू नका. माणसाला एकटे सोडू नका आणि ‘टेलिमानस’ला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. मनाचा आजार सांगण्यात कमीपणा नाही.