जुन्या मातीतली नाणी

छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. लग्नाचा बस्ता, भांडीकुंडी, डागदागिने यांसाठी खेड्यापाड्यांतली माणसे तिकडेच जातात. सराफाही तिथून फार लांब नाही. आम्ही तरुण असताना एकदा पहाटेच तिकडे गेलो होतो. दुकाने बंद होती. एक म्हातारा झारेकरी सोनाराच्या पायरीपुढची माती कुंच्याने गोळा करीत होता. गटारातला गाळही तो घमेल्यात भरून घेई. आम्हाला हसू आले. आम्ही विचारले, "बाबा, ही जागा तर तुम्ही रोज झाडता. आता इथं काय उरलं असेल?"

म्हातारा म्हणाला, "मास्तर, रोज झाडतो म्हणून तर रोज मिळतं. जिथं कोणीच झाडत नाही, तिथं सोनं पडलेलंच नसतं."

झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातली माती धुऊन सोने-चांदी काढणारा. कानस मारताना सोन्याचा कीस उडतो. तो केरात जातो, पायाला चिकटून रस्त्यावर येतो. झारेकरी ती माती घमेल्यात घेतो, पाणी घालतो आणि हळूहळू हलवतो. हलकी माती पाण्याबरोबर निघून जाते. जड कण तळाशी बसतात. पाण्याच्या मानाने वाळू सुमारे अडीच पट जड असते, पण सोने एकोणीस पट जड असते. सगळी करामत या वजनात आहे. मग तळाशी उरलेल्या मातीत पारा घालतात. पारा सोन्याला धरतो. तो कापडातून पिळून तापवला की पारा उडून जातो आणि सोने मागे राहते. या पाऱ्याची वाफ मात्र विषारी असते. ती छातीत जाते, डोक्यात जाते, हात थरथरू लागतात. हे काम घरी कोणी करून पाहू नये.

आता गुलमंडीवरून पैठणगेटाकडे या आणि पैठणची एस.टी. धरा. पन्नास किलोमीटरवर गोदावरीच्या काठी पैठण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ही सातवाहन राजांची मोठी नगरी होती. तिचे नाव प्रतिष्ठान. ती नगरी आज मातीखाली आहे. तिथल्या एका भागाला लोक पालथी नगरी म्हणतात. नावच किती बोलके आहे पाहा!

जुन्या वस्तीच्या मातीला आपण पांढरी म्हणतो. शेत ते काळी, गावठाण ते पांढरी. माणसे राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, त्यावर पुन्हा घरे झाली. शेकडो वर्षे असे चालले की पांढरीचा टेकाडासारखा उंचवटा होतो. आपल्या मराठवाड्यात धाब्याच्या घरावर घालायला हीच माती आणतात. ती शेतातही टाकतात. अशा मातीत मणी सापडतात, फुटके खापर सापडते, कधी एखादे नाणे सापडते.

पांढरीवर वस्तू सापडतात त्या बहुतेक पावसानंतर. कारण तेच, झारेकऱ्याचे. पाऊस हलकी माती धुऊन नेतो आणि जड वस्तू उघडी पडते. गेल्या वर्षी सगळा उंचवटा पालथा घातला असला, तरी यंदाच्या पावसाने नवी माती उघडी होते. नांगराच्या फाळाने खालचे वर येते. म्हणून शंभर वेळा शोधलेल्या जागीही वस्तू सापडतच राहतात. शोधणाऱ्याची नजरही चुकते. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आहेत. मातीत राहून शिसे करडे, खडबडीत होते. घाईने चालणाऱ्याला तो खडाच वाटतो. सावकाश चालणारा तो हातात घेतो, वजन पाहतो आणि थबकतो.

हल्ली यासाठी यंत्रही मिळते. मोठ्या देवळाच्या दारात कमानीतून जाताना पीं असा आवाज होतो, तो आपण ऐकला असेल. त्याच जातीचे हे यंत्र. काठीच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यात बॅटरीची वीज खेळते. खाली धातू असला तर त्यात थोडी वीज उठते आणि यंत्र ओरडते. सोने, तांबे, लोखंड, कशालाही ते ओरडते. शेजारी लोखंडी खिळा असला तर त्याच्या आवाजात बारीक नाणे झाकून जाते. फार खोलवरचे त्याला कळत नाही. खोल पुरलेला हंडा हे यंत्र दाखवील असे कोणी सांगितले तर त्याला आधी पाणी पाजा आणि मग वाटेला लावा.

पण झारेकऱ्याचे सोने आणि पांढरीतले नाणे यांत एक मोठा फरक आहे. झारेकऱ्याला सोने कुठल्या पायरीपुढे मिळाले याला काही महत्त्व नाही. वितळले की सगळे एक. नाण्याचे तसे नाही. नाण्याला पत्ता असतो.

1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती. ती क्षहरात राजा नहपान याची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाने आपला ठसा पुन्हा मारला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने क्षहरातांचा पाडाव केला असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात कोरलेले आहेच. पण कोरणारे त्याच्याच घरचे होते. घरच्यांनी केलेली स्तुती आपण किती मानायची? या नाण्यांनी ती गोष्ट पक्की केली. हरलेल्याच्या नाण्यावर जिंकणाऱ्याचा ठसा! पुढे 1939 साली वऱ्हाडात तऱ्हाळा येथे दीड हजारांहून अधिक सातवाहन नाणी सापडली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली. पुराणांतल्या याद्यांत नसलेल्या राजांची नावे त्यांवर निघाली. ते राजे केवळ नाण्यांमुळे आपल्याला माहीत झाले. कोणी ती नाणी आधीच मोडीत घातली असती तर?

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने तसे केले. नांगरताना त्याला एक गाडगे लागले. आत तांब्याची नाणी होती, दोन ओंजळी भरतील एवढी. त्याने ती चिंच आणि राखेने घासली. अक्षरे गेली. मग बाजारात नेऊन मोड म्हणून तोलावर घातली आणि एक कळशी घेऊन घरी आला. वर्षभराने त्याने आम्हाला ही हकीगत हसत हसत सांगितली. आम्ही विचारले, नाण्यावर काय होते? तो म्हणाला, "हत्ती होता गुरुजी. आणि काही अक्षरं. पण तवा मला वाचता कुठं येत होतं?" खरे म्हणजे ती ब्राह्मी अक्षरे असणार. ती आम्हालाही वाचता आली नसती. पण वाचणारी माणसे होती. त्यांच्यापर्यंत ती गेली नाहीत. ती कळशी अजून त्याच्या घरी आहे. आम्ही गेलो की तीतलेच पाणी तो आम्हाला देतो.

याउलट तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुन्या वस्तू जमवल्या, जपल्या. आज त्या तिथल्या शासकीय संग्रहालयात आहेत. पैठणच्या बाळासाहेब पाटलांनीही तसेच केले. त्यांच्या नावाचे संग्रहालय पैठणला आहे. पुढच्या वेळी नाथांच्या दर्शनाला गेलात की तेही पाहून या.

कायदाही माहीत असावा. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर काय करावे हे 1878 सालच्या कायद्यात सांगितले आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचे असते. मालक कोणी निघाला नाही तर सापडणाऱ्याला वाटा मिळतो. सापडणारा आणि जमीनमालक यांचे आपसात जमले नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक मालकाला. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ते तो घेऊ शकते. मात्र लपवले तर वाटा जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारने संरक्षित केलेल्या जागी तर परवानगीवाचून एक कुदळही मारता येत नाही. तिथे यंत्र घेऊन जाऊच नये.

इंग्लंडात यंत्र घेऊन शेते धुंडाळणारे पुष्कळ आहेत. 2009 साली स्टॅफर्डशायर भागात एकाला नांगरलेल्या शेतात साडेतीन किलोहून अधिक सोने सापडले. त्याने ते कळवले. पैसे त्याला आणि शेतमालकाला अर्धे अर्धे मिळाले.

आपल्याकडे मात्र गुप्तधन म्हटले की मांत्रिक पुढे येतो. कोंबडे मागतो, पैसे मागतो, कधी त्याहून भयंकर मागतो. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे. मांत्रिकाला धन दिसत असते तर त्याने आपल्या घराखाली खणले नसते का?

म्हणून, काही सापडले तर घासू नका, विकू नका. गाडगे असेल तर त्यातले खाली ओतू नका. कागद घ्या आणि आता लिहिता येते ते लिहा. आमच्या वर्गातील एका बाईंनी असा कागद लिहिला, तो खाली देत आहोत. नाव-गाव काढले आहे. शुद्धलेखन आम्ही तपासले नाही.

"तहसीलदार साहेबांना नमस्कार. मी शेतकरी बाई. काल सकाळी पाऊस झाल्यावर माझ्या शेतात पांढरीच्या बांधाजवळ तीन नाणी सापडली. वितभर खोल होती. बाजूला खापर होते, ते पण ठेवले. नाणी धुतली नाही. कोणाची आहेत ते कळवावे. जागा मी दाखवीन. तिथे काठी रोवली आहे."