खिशातल्या हत्याराची पारख

खिशात नित्य बाळगण्यासाठी एखादे बहुउपयोगी हत्यार घ्यावे या विचाराने मनुष्य दुकानात जातो, तेव्हा काचेच्या पेटीत मांडलेल्या त्या तकतकीत जिनसांतील पाती, करवती आणि कात्र्या तो प्रथम मोजू लागतो, आणि ज्यात संख्या अधिक त्यात किफायत अधिक अशी मनाची खातरजमा करून घेऊन पैसे चुकते करतो. परंतु त्यानंतरच्या वर्षभरात त्या हत्याराचे कोणते अंग कोणत्या कामासाठी बाहेर निघाले याचा जर कोणी इमानेइतबारे रोजनामा ठेवील, तर बहुतेक नोंदी एकट्या पेचकसाच्याच नावे पडलेल्या त्याला आढळतील. चष्म्याची ढिली दांडी, कुकरच्या मुठीचा सैल स्क्रू, मुलाच्या खेळण्यातील सेलचे झाकण, स्कूटरचा हलणारा आरसा, कपाटाची उतरलेली बिजागरी, ही शहरी गृहस्थाच्या संसारात ऐन वेळी उभी राहणारी कामे होत, आणि त्यांत करवतीची किंवा माशाचे खवले काढण्याच्या पट्टीची गरज कधी पडत नाही. म्हणून अशा खरेदीला निघालेल्या माणसास माझे पहिले सांगणे हे, की परीक्षेस पेचकसापासून आरंभ करावा, आणि तो नामंजूर झाल्यास बाकीच्या गुणांकडे पाहण्याची तसदी घेऊ नये.

रेल्वेची चाके आणि आस घडविणारा जो कारखाना बंगळुरातील येलहंका येथे १९८४ साली सुरू झाला, त्याच्या देखभाल खात्यात माझ्या नोकरीची वर्षे गेली, आणि सेवानिवृत्तीनंतर मिरजेस परत न जाता मी येथील उपनगरातच बिऱ्हाड कायम केले. मोडीत निघालेले पोलाद विजेच्या भट्टीत वितळवून, ते ग्रॅफाइटच्या साच्यांत दाबाने चढवून नवी चाके ओतण्याची ती विद्या. तेथे पोलादाची जात आणि त्याला दिलेले पाणी यांविषयीचे बोलणे आमच्यात जेवणाच्या सुटीतही थांबत नसे. त्या सवयीमुळे शेजारपाजारची मंडळी नवे हत्यार घेतले की मला दाखवावयास आणतात, आणि त्यामुळेच पुढील प्रसंगीही मी हजर होतो.

वळवाच्या पावसाची रात्र होती. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाचा स्टार्टर बंद पडला, आणि टाकी रिकामी असल्याने सकाळपर्यंत थांबण्याची कोणाची तयारी नव्हती. वरच्या मजल्यावरचा एक तरुण अभियंता, जो मला काका म्हणतो आणि ज्याला मी अरे-तुरे करतो, खाली आला. "काका, तुम्ही फक्त बॅटरी धरा, माझ्याकडे सगळं आहे," असे म्हणून त्याने खिशातून एक नवे कोरे हत्यार काढले. मुख्य कळ बंद केली, टेस्टर लावून पाहिला, आणि पेटीच्या झाकणाचे स्क्रू तो काढू लागला. तीन निघाले; चौथा गंजून बसला होता. पेचकसाचे टोक खाचेत रोवून त्याने अंगाचा भार टाकला, मूठ किंचित तिरपी झाली, आणि उघडलेला पेचकस खाडकन मिटून मुठीत परत शिरला. मध्ये सापडली ती त्याची तर्जनी. हाडाला इजा झाली नाही हे नशीब, पण त्या भर पावसात टाके घालून घेण्यासाठी त्याला रिक्षाने न्यावे लागले, आणि पंपाचे काम सकाळी वायरमनने एका साध्या, लांब दांडीच्या पेचकसाने पुरे केले.

दुसऱ्या दिवशी ते हत्यार मी उजेडात नेऊन पाहिले. पेचकस उघडून त्याचे टोक चिमटीत धरले आणि हलविले, तर तो डावी-उजवीकडे डुलत होता. बुडाशी खटका नव्हता. एका पातळ कमानपट्टीच्या दाबावर तो कसाबसा उभा राहत असे, आणि तिची ताकद इतकी बेताची, की माझ्या अंगठ्याच्या जोरानेही ती दबे. टोकाला स्टारचा आकार होता खरा, पण तो सपाट पट्टीतून कापून काढलेला असल्याने चार पाकळ्यांच्या जागी दोनच होत्या, आणि त्या दोहोंच्याही कडा एका रात्रीच्या कामात वळल्या होत्या. हत्यारावर घडविणाऱ्याचे नाव कोठेही नव्हते.

चाकूच्या संगतीस पेचकस आला तो मुळात सैन्याच्या गरजेमुळे, हे येथे सांगितले पाहिजे, कारण त्याचे आजचे गुणदोष त्या इतिहासातून उतरलेले आहेत. स्विस सैन्याने १८८९ साली नवी रायफल स्वीकारली, आणि ती खोलून साफ करण्यास पेचकस लागत असल्याने सैनिकाच्या चाकूत पाते, टोच्या, डबे फोडण्याचे अंग आणि पेचकस ही असावीत असे ठरले. इबाख येथील कार्ल एल्सनर यांनी १८९१ पासून असे चाकू सैन्यास पुरविण्यास आरंभ केला. त्या काळी स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच असे, आणि सपाट पट्टीचे टोक तिला पुरेसे होते. पुढे अमेरिकेतील पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स यांनी १९३६ च्या सुमारास चौपाकळी खाचेचा स्क्रू प्रचारात आणला, मोटारींच्या कारखानदारांनी तो उचलला, आणि आज आपल्या घरातील बहुतेक स्क्रू त्याच घराण्याचे आहेत. योगायोग असा, की त्याच पोर्टलंडचे टिम लेदरमन हे १९७५ साली एक जुनी फियाट घेऊन युरोप हिंडत असता, खिशातील चाकूला पक्कडीची जोड हवी होती असे त्यांना पदोपदी वाटले, आणि त्या विचारातून पक्कडीच्या दोन मुठींत बाकीची अंगे सामावणारे त्यांचे हत्यार १९८३ पासून विक्रीस आले. स्क्रू बदलला, हत्यार बदलले. मात्र सपाट पट्टी घडवून मिटती करण्याची रीत तशीच राहिली, आणि चौपाकळी खाचेसाठीही तीच पट्टी टोकाशी निमुळती करून देण्याची वहिवाट पडली.

या खाचेच्या भिंती खाली निमुळत्या होत जातात. त्यामुळे पेचकस फिरविला की फिरविण्याच्या जोराचा काही अंश टोकाला वर ढकलून बाहेर काढू पाहतो, आणि हात सतत दाबून धरावा लागतो. चारही पाकळ्या भरल्या असतील तर तो भार चौघींत वाटला जातो. सपाट टोक दोनच पाकळ्यांत बसते, तेव्हा त्या दोघींवर दुप्पट ओझे येऊन स्क्रूचा स्टार जातो, आणि एकदा तो गेला म्हणजे पुढे ड्रिल लावून डोके उडविण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशी सपाट टोके नामांकित हत्यारांतही असतात आणि हलक्या कामास ती चालतात. स्विस चाकूतील डबे फोडण्याच्या लहान अंगाचे ३ मिलिमीटरचे सपाट टोक स्टार स्क्रू बिनतक्रार फिरविते. परंतु घट्ट बसलेल्या स्क्रूशी ज्याची गाठ पडणार आहे, त्याने घनाकृती, चारही पाकळ्या स्पष्ट असलेलेच टोक घ्यावे.

आता हे दुकानात ओळखावे कसे? घरून निघतानाच खिशात दोन-तीन स्क्रू टाकून न्यावेत: एक स्विचबोर्डाच्या झाकणाचा, एक बिजागरीचा, एक खेळण्याचा बारीक. बंगळुरात हत्यारांच्या खरेदीस एस. पी. रोडसारखी पेठ नाही. तेथील दुकानदार रोज कारागिरांशी व्यवहार करणारे असल्याने अशा परीक्षेस ते हरकत घेत नाहीत, उलट गिऱ्हाईक जाणते आहे हे पाहून आतल्या फळीवरचा माल काढून दाखवितात. टोक खाचेत बसवून हत्यार आडवे धरावे. चुंबकाचा आधार नसताही स्क्रू टोकावर टिकून राहिला आणि बोटाने हलविता डुलला नाही, तर माप बरोबर आहे असे समजावे. माझा आग्रह याच्याही आधीच्या पायरीचा आहे: एखाद्या रविवारी हातात कागद घेऊन घरभर फिरावे आणि कोठे कोणता स्क्रू आहे याची टिपणी करावी. बहुतेक घरांत दोन क्रमांकाचा स्टार सर्वांत अधिक, त्याखालोखाल एक क्रमांकाचा, आणि चष्म्यासारख्या नाजूक वस्तूंत त्याहून बारीक, असा हिशेब निघतो. जपानी वंशाच्या मोटारसायकलींवर, विशेषतः ब्रेक-तेलाच्या डबीच्या झाकणावर, दिसावयास स्टार परंतु घडणीने निराळा असा जपानी मापाचा स्क्रू असतो, आणि डोक्यावरील लहानशा ठिपक्यावरून तो पुष्कळदा ओळखता येतो. त्यास खिशातल्या हत्याराने हात लावू नये, तो आपल्याच मापाच्या पेचकसाने काढावा.

टोकानंतर सांधा. आमच्या घरी पानाच्या डब्यात जो अडकित्ता होता, तो विकत घेताना माझ्या आजोबांनी धारेकडे पाहण्याआधी त्याचा सांधा दहा वेळा उघडमीट करून पाहिला होता, आणि सांधा हलला की सुपारी निसटते व बोट कापते असे कारण सांगितले होते. मिटत्या पेचकसाची परीक्षा नेमकी तीच. तो पूर्ण उघडल्यावर खटका स्पष्ट आवाज करून बसला पाहिजे, आणि मिटविण्यासाठी तो बुद्ध्या दाबावा लागला पाहिजे. ज्यात खटका नाही त्यात निदान कमान तरी भक्कम असावी, आणि त्यावर अंगाचा भार कदापि टाकू नये. पेचकस मुठीच्या सरळ रेषेत उघडतो की काटकोनात, हेही पाहावे. चाकूच्या पाठीतून मध्यावर काटकोनात निघणाऱ्या पेचकसास फिरविण्याचा जोर अधिक मिळतो, पण अडचणीच्या जागी मूठ फिरत नाही, आणि सरळ उघडणारा आत पोहोचतो, परंतु खटका नसेल तर दगा देतो. कठिणतेच्या बाबतीत एल्सनर यांच्या घराण्याचा, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सचा शिरस्ता लक्षात ठेवण्याजोगा आहे: रॉकवेलच्या मापाने पात्यास ५६, पेचकसास ५२ आणि कमानीस ४९ अशी उतरती कठिणता ते देतात, कारण पात्याइतका कठीण पेचकस पिळवटताच त्याचा टवका उडेल, आणि कमान तर लवावयासच हवी. सर्व अंगे एकाच पत्र्यातून एकाच पाण्याने काढलेली असतात, तेथे स्वस्ताईचे रहस्य असते.

सुटी टोके बदलण्याची सोय असलेली हत्यारेही मिळतात, आणि मला ती पसंत आहेत. मात्र टोक बसविण्याचे घर पाव इंची षट्कोनी, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे असावे, कारण त्या मापाची टोके कोणत्याही पेठेत सहज मिळतात. काही कारखानदार चपट्या आकाराची स्वतःचीच टोके देतात. ती उत्तम असली तरी एक हरवले की त्याच कारखान्याच्या दारी जावे लागते.

विजेविषयी मला निक्षून सांगावयाचे आहे. ही हत्यारे आपादमस्तक पोलादाची असतात, मुठीवरचे रंगीत आवरण हे विजेपासून संरक्षण नव्हे, आणि आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची आहे. बोर्डाला हात लावण्यापूर्वी कळ बंद करावी आणि टेस्टरने तपासावे. तो टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून दिवा पेटतो याची खात्री करून घ्यावी, म्हणजे मेलेल्या टेस्टरवर विसंबणे होत नाही. रस्त्यावरचे दिवे गेले म्हणजे घरातील तारा निर्जीव झाल्या असे तर मुळीच धरू नये. येलहंक्यातील इमारतींत इन्व्हर्टर आणि जनित्रे काही क्षणांत वीज परत घेऊन येतात. ज्याच्या घरी पुष्कळ विजेचे काम निघते त्याने आवरणबद्ध मुठीचा स्वतंत्र पेचकस घ्यावा. नाशिकच्या टपारिया कारखान्याचा साधा टेस्टर आणि एक लांब पेचकस ही जोडी घरच्या खणात असली, तर खिशातील हत्यारावर अवाजवी जबाबदारी पडत नाही.

पाते असावे की नसावे? शहरात वावरणाऱ्याने बिनपात्याचे हत्यार घ्यावे असे माझे मत आहे. मेट्रोच्या फाटकाशी आणि न्यायालयाच्या दाराशी झडती होते, आणि येथील हवाई तळावर १९९६ पासून जे विमानांचे प्रदर्शन भरत आले आहे, त्याच्या प्रवेशद्वारीही धारदार वस्तू अडविली जाते. विमानाने जाणाऱ्याने तर पाते असो वा नसो, पेचकसाचे हत्यार हातच्या पिशवीत ठेवूच नये. ते सामानात नोंदवावयाच्या पेटीत घालावे, आणि ते घरून निघतानाच घालावे, कारण देवनहळ्ळीचा विमानतळ आम्हा येलहंकावासीयांना इतका जवळ वाटतो, की रोजचीच विजार चढवून, रोजचाच खिसा न तपासता मनुष्य बाहेर पडतो, आणि तपासणीच्या रांगेत उभा राहिल्यावर हत्यार तेथेच सोडण्यावाचून त्याला दुसरी वाट उरत नाही.

वजनाचाही विचार करावा. पक्कडीचे मोठे हत्यार सुमारे २४० ग्रॅम भरते, नेहमीचा स्विस चाकू सुमारे ६० आणि किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा अवघा २० च्या आसपास. खिसा ओढणारे हत्यार महिन्याभरात खणात जाऊन पडते. ज्यास स्कूटरच्या डिकीत किंवा कामाच्या पिशवीत ठेवावयाचे आहे त्याने मोठे घ्यावे, ज्यास अंगावर बाळगावयाचे आहे त्याने छोटेच.

घेतल्यावर त्याची निगा राखावी. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ही समजूत अर्धीच खरी आहे. घामाने आणि कोकणच्या खाऱ्या हवेने सांध्यात तांबूस डाग धरतात, तेव्हा कोमट पाण्याने धुऊन, पुरते वाळवून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्यात सोडावा आणि उघडमीट करून ते मुरू द्यावे. सपाट टोकाची कड गोल झाली तर बारीक कानशीने हलक्या हाताने, तापू न देता, ती पुन्हा चौकोनी करता येते. स्टारचे टोक झिजले म्हणजे मात्र कानस कामास येत नाही. सुटे असेल तर बदलावे, जडविलेले असेल तर त्या हत्याराकडून घट्ट स्क्रू काढून घेणे त्या दिवसापासून बंद करावे.