नमुना कुठल्या पाण्याचा?

पावसाळ्यात जबलपूरमधल्या विजय नगरच्या आमच्या घरी पुतण्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी पाण्याचं विचारताच दादाने एका खासगी प्रयोगशाळेचा ताजा अहवाल पुढे केला. पीएच, कठीणपणा, टीडीएस, क्लोराइड, सगळं मर्यादेत. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. "यात जंतूंची तपासणी कुठे आहे?" ती नव्हतीच. नमुनासुद्धा गच्चीवरच्या टाकीतला, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीतून नेलेला. आकडे खोटे नव्हते, पण कावीळ कशामुळे झाली हे त्यांतून कळणंच शक्य नव्हतं.

तेव्हापासून कुणी "आमच्या पाण्याचा टीडीएस दीडशे आहे" म्हणालं की मी थांबवते. टीडीएसचं पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. पाण्यात मैल्याचा अंश मिसळला तरी हा आकडा फारसा हलत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (10500, वर्ष 2012) टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरं पाणी नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलेला आहे. मैल्यातल्या ई-कोलाय या जिवाणूला मात्र सवलतच नाही: 100 मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये.

फ्लोराइडचा धोका वेगळा. तो वर्षानुवर्षं साचत जातो. इथून जवळच्या मंडला जिल्ह्यात, तिलईपानीत, हापशाच्या पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांचे पाय वाकले. त्याचा अभ्यास जबलपूरच्याच आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राने केला. मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर दीड. म्हणून बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी फ्लोराइड आणि नायट्रेट (मर्यादा 45) तपासायलाच हवं. हे दोन्ही उकळून जात नाहीत. पाणी आटलं की उलट दाट होतात.

आपल्या शहराला नर्मदेचं पाणी ललपूर, रमनगरा इथे शुद्ध होऊन मिळतं. पण आपण पितो ते पुढे नळ्यांतून आलेलं पाणी. आमच्या गल्लीत काही घरांच्या जोडण्या नालीतून गेल्या होत्या, त्यांतली एक लोखंडी नळी गंजून भोकं पडलेली निघाली. पाणी चालू असेपर्यंत आतला दाब घाण बाहेर ठेवतो. पाणी बंद झालं की नळी रिकामी होते आणि नालीतलं आत ओढलं जातं. कुणी टुल्लू पंप लावला तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून दुसऱ्या दिवशी येणारं पहिलं पाणी सर्वांत वाईट. ते पिण्यासाठी भरू नका.

नमुना द्यायचा तर प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली मागा. जंतूंसाठीच्या बाटलीत क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घातलेलं असतं, ती धुवायची नाही. नमुना टाकीतून नको, थेट रस्त्यावरून येणाऱ्या नळाचा घ्या. नळाचं तोंड पुसून तापवा, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटली काठोकाठ भरू नका, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवा. नळी फुटल्याचा संशय असेल तर पहिल्या पाण्याचा नमुना वेगळा घ्या आणि बाटलीवर तसं लिहा. पीएचई (सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी) विभागाच्या प्रयोगशाळेत अर्ज देताना "कोलिफॉर्म आणि ई-कोलाय" हे शब्द स्वतःच्या हाताने लिहा. नुसतं "पाणी तपासणी" लिहिलं तर काय तपासायचं ते दुसराच कुणी ठरवतो.

रोजची खूण म्हणजे क्लोरीन. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी पिवळसर व्हायला हवं. नळाशी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं.

तरीही ई-कोलाय नाही म्हणजे विषाणूही नाहीत, असं समजू नका. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेतून शहरात येणाऱ्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. क्लोरीन वाढवल्यामुळे जिवाणू आटोक्यात राहिले, पण विषाणू त्यातून निसटले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. गल्लीत एकाला कावीळ झाली तरी अहवालाची वाट पाहू नका. पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा, आणि नळीचं काम होईपर्यंत सगळ्या घरांनी उकळत राहा.