वेदनाशामक मॉर्फिन : मात्रा आणि वेळ

तापीच्या दक्षिण तीरावरील जैनाबाद हे बऱ्हाणपूर शहराच्या समोरच वसलेले आहे. केळीच्या बागांच्या आणि यंत्रमागांच्या या परिसरात अफू हा शब्द अपरिचित नाही. रडणाऱ्या तान्ह्या मुलाला अफू देऊन निजविण्याची घातक चाल पूर्वी पुष्कळ ठिकाणी होती. त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले की घरची वडीलधारी माणसे बिचकतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो.

मॉर्फिन अफूपासूनच तयार होते, हे खरे. मध्य प्रदेशातच मंदसौर व नीमच भागांत परवान्याने अफूची लागवड होते आणि नीमचच्या शासकीय कारखान्यात तिच्यावर प्रक्रिया केली जाते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर हे औषध रुग्णालयांना मिळणे दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनचा अत्यावश्यक औषधांत समावेश होऊन परवान्याची पद्धत सुलभ करण्यात आली.

साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून कर्करोगाच्या सततच्या वेदनेत ती घड्याळ पाहून द्यावयाची असते. मात्रा डॉक्टरच ठरवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यांना आधीच सांगणे अगत्याचे आहे. दीर्घ परिणामाची गोळी मात्र अखंडच गिळावी. गोळी कुटून मधातून देण्याची घरगुती सवय येथे जिवावर बेतू शकते, कारण बारा तासांचे औषध एकदम रक्तात उतरते. बद्धकोष्ठता बहुधा होतेच, तेव्हा रेचक सुरुवातीलाच मागून घ्यावे. औषध चालू असता दारू व इतरांच्या सांगण्यावरून घेतलेल्या झोपेच्या गोळ्या वर्ज्य होत. औषध एकाएकी बंदही करू नये.

रुग्ण हाका मारूनही जागा होत नाही, श्वास मंदावला आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला कुशीवर निजवावे. नालोक्सोन हा उतारा रुग्णालयात देता येतो.

हमालीने पाठ धरली म्हणून शेजाऱ्याची ट्रामाडोल गोळी घेणे हाही त्याच जातीचा धोका आहे. २०१८ पासून तेही याच कायद्याखाली आले आहे. गोळ्या कुलपात ठेवाव्यात, आणि रुग्ण दगावल्यास उरलेल्या गोळ्या घरात न ठेवता ज्या रुग्णालयातून आणल्या तेथेच नेऊन द्याव्यात.