गवती चहा, लिंबाची साल आणि घरातील सुगंधी तेले

बेथानीच्या मरियेने प्रभूच्या चरणांना जटामांसीचे तेल लावले आणि सारे घर सुवासाने भरून गेले, हे आपण दरवर्षी पवित्र सप्ताहातील सोमवारी संत योहानाच्या शुभवर्तमानात ऐकतो. त्या तेलाची किंमत तेथे ३०० दीनार सांगितली आहे. एक दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. जटामांसी ही हिमालयात उंचावर होणारी वनस्पती. इतक्या दुरून गेलेले तेल महाग असणारच.

आपल्या परसातली सुगंधी तेले तेवढी महाग नाहीत. म्हणूनच की काय, ती निष्काळजीपणे वापरली जातात. मागील उन्हाळ्यात चर्चच्या सणाला आम्ही काही जणांनी मांडवाबाहेर उन्हात बसून सरबतासाठी शे-दोनशे लिंबे पिळली. हात नुसते पाण्याने धुतले आणि पुन्हा उन्हातच कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी मनगटावर लाल चट्टे उठले, तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले फोड आले. शेजारच्या आजींनी पाहताक्षणी “नागीण आहे” म्हणून निदान केले व गेरू लावायला सांगितला. ती नागीण नव्हती. लिंबाच्या सालीतील तेलात असे काही द्रव्य असते की ते कातडीवर राहिले आणि वर कडक ऊन पडले तर कातडी भाजते. सावलीत बसून लिंबे पिळणाऱ्यांना काहीच झाले नाही, यावरून काय ते समजावे. फोड आठवडाभरात बसले, काळे डाग मात्र दोन-तीन महिने राहिले. तेव्हा लिंबाचे काम सावलीत करावे, हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत आणि लिंबाची साल तोंडाला चोळून उन्हात जाऊ नये. उजळ होण्याऐवजी चेहरा डागाळतो.

साल फेकून मात्र देऊ नये. संत्र्याची ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ चिमटली की ठिणग्या उडतात, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. त्या ठिणग्या म्हणजेच सालीच्या बारीक पिशव्यांतून उडालेले तेल. हे तेल पेट घेते, म्हणून वाळलेली साल चूल पेटवायला उत्तम. पण तेलाची बाटली चुलीजवळ ठेवू नये. हेच तेल चिकटपणा विरघळवते. बरणीवरील स्टिकरचा डिंक निघत नसेल तर सालीची पिवळी बाजू जोराने घासावी. तांब्यापितळेची भांडी सालीने व मिठाने लख्ख होतात, पण ते काम तेलाचे नव्हे, सालीला राहिलेल्या आंबट रसाचे.

आता गवती चहाविषयी. चार-पाच ठोंब एका घराला पुरतात. न्हाणीघराचे पाणी जाते त्या बाजूला लावावेत, मात्र पाणी तुंबू देऊ नये, मुळे कुजतात. पावसाच्या सुरुवातीस जुना गड्डा फोडून एकेक ठोंब दीड ते दोन फुटांवर लावावा. पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी करावी. कापताना जमिनीपासून चार-सहा बोटे बुडखा ठेवावा. पात्याची कड हात कापते, म्हणून मुलांना ओरबाडू देऊ नये. उताराच्या शेतात बांधावर लावल्यास माती धरून राहते व जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत.

या पात्याचा वास सिट्राल नावाच्या द्रव्याचा. तेलाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग तोच असतो. तेल काढायचे ते वाफेवर: बंद भांड्यात गवत, खालून वाफ, ती वाफ थंड केली की पाण्यावर तेल तरंगते. केरळातील ओडक्कली येथे या गवतासाठी संशोधन केंद्र आहे. तेथील ‘सुगंधी’ ही जात नावाजलेली आहे.

येथे एक इशारा देणे भाग आहे. १०० किलो हिरव्या गवतातून तेल निघते साधारण ३०० ते ४०० ग्रॅम. म्हणजे गवत दूर वाहून नेणे परवडत नाही, भट्टी जवळच हवी. आमच्या माहितीतील एका शेतकऱ्याने रोपे विकणाऱ्याच्या शब्दावर एक एकर लावले. रोपांचे पैसे रोख गेले. तेल विकत घेणारा परत आला नाही, आणि जवळ भट्टीही नव्हती. शेवटी ते गवत बागेत आच्छादन म्हणून पसरावे लागले. आधी भट्टी पाहावी, तेल घेणाऱ्याशी लेखी करार करावा, मगच शेत द्यावे. ऊस काढून हे लावू म्हणणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा.

घरात तेल वापरायचे ते थेंबांनी मोजून. एक चहाचा चमचा खोबरेल तेलात गवती चहाचे दोन थेंब, याहून अधिक नको. आधी कोपराच्या आतील बाजूस लावून दिवसभर पाहावे, खाज आली तर धुऊन टाकावे. डास तासाभरापुरते दूर राहतात, पुढे पुन्हा येतात. त्यामुळे मच्छरदाणीला व साचलेले पाणी ओतून टाकण्याला हा पर्याय नव्हे. फरशी पुसण्याच्या पाण्यात तेल घालण्यापेक्षा मूठभर पाती उकळून ते पाणी ओतावे, स्वस्त पडते. दाढ दुखली की लवंगेचे तेल कापसावर थोडेसे लावतात, ठणका थांबतो, पण कीड तशीच राहते. दातांच्या डॉक्टरांकडे जायचे टाळू नये.

सर्वांत महत्त्वाचे निलगिरी तेल व कापूर. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या नाकात निलगिरीचा थेंब सोडण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती ताबडतोब बंद करावी, बाळाचा श्वास कोंडू शकतो. चमचाभर निलगिरी तेल पोटात गेले तरी लहान मूल गुंगीत जाते, झटके येतात. कापराचेही तसेच. असे झाल्यास उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. झटके येण्याची वाट पाहत बसू नये. तेल सरबताच्या वा औषधाच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नये. गडद काचेची बाटली, घट्ट बूच, चिठ्ठी चिकटवून, कुलपाच्या कपाटात. जुने झालेले, वास बदललेले संत्र्या-लिंबाचे तेल अंगाला लावू नये, कातडीला चुरचुरते.

गवती चहाचे ठोंब आमच्या परसात आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी जूनमध्ये रविवारच्या मिस्सेनंतर पिशवी घेऊन यावे.